रेणुसंगीत
रेणूंची, विशेषतः प्रथिने व डीएनए यांची, घटकरचना ठराविक नियमाने स्वरांत रूपांतरित करून मिळविलेली स्वररचना. प्रथिन ही २० प्रकारच्या ॲमिनो अम्लांची विशिष्ट क्रमाने जोडलेली शृंखला होय. प्रत्येक अम्लास स्वर नेमून दिला म्हणजे हा क्रम वाजविता येतो.

केन्शी हायाशी व नोबुओ मुनाकाता यांनी १९८४ मध्ये डीएनएतील क्षारकांना स्वर नेमून दिले. जीन व संगीत या दोहोंच्या रचनेत पुनरावृत्तीचे तत्त्व आढळते, असे प्रतिपादन सुसुमु ओनो व मिदोरी ओनो यांनी १९८६ मध्ये केले. री ताकाहाशी व जेफ्री मिलर यांनी २००७ मध्ये २० अम्लांसाठी १३ मूलस्वर योजून समधर्मी अम्लांना निकटचे स्वरमेळ दिले. हे प्रयोग अध्यापनास व दृष्टिहीन अभ्यासकांस उपयुक्त आहेत. तथापि त्यांतील स्वरयोजना मानवाने ठरविलेली असते. एकच शृंखला भूपाच्या स्वरांत बसविली तर एक सुरावट मिळेल, भैरवीच्या स्वरांत बसविली तर दुसरी. तेव्हा ऐकू येणारे माधुर्य रेणूचे नसून योजकाचे असते.

फ्रेंच भौतिकीविज्ञ झोएल स्टर्नहाइमर यांचा दावा याहून वेगळा आहे. अम्लाच्या द्रव्यमानाशी निगडित तरंगाची कंप्रता सु. ७६ सप्तके खाली आणली की त्याचा नैसर्गिक स्वर मिळतो व अशी सुरावट ऐकविल्याने शरीरातील संबंधित प्रथिनाची निर्मिती वाढविता वा रोखता येते, असे त्यांचे म्हणणे असून त्यासाठी त्यांनी १९९२ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. हा दावा टिकत नाही. कंप्रता ७६ वेळा निम्मी करणे ही गणितातील क्रिया आहे. तीमुळे द्रव्यतरंगाचा ध्वनी होत नाही. ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचे द्रव्यमान सारखेच असल्याने या पद्धतीत दोहोंचा स्वर एकच येतो. म्हणजे प्रथिनास वेगळी ओळख देणारा भेदच सुरावटीत लोपतो. ४४० हर्ट्‌झ ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी तीन मीटरांहून अधिक असते, तर प्रथिन तयार करणारा रिबोसोम सु. ३० नॅनोमीटरांचा असतो. शिवाय मानवी कोशिकेतील लक्षावधी रिबोसोम एकाच वेळी निरनिराळ्या प्रथिनांच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असतात. एक सुरावट त्यांतील कोणाशी जुळणार ?

संगीताने मन शांत होते, नाडी व श्वसन यांच्या गतीत बदल होतो, हे खरे. पण तो परिणाम श्रवण व मज्जासंस्था यांच्याद्वारे होतो. म्हणून श्रोत्यास बरे वाटले एवढ्याने रेणूचा प्रभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी मूळ सुरावट व तेच स्वर क्रम बदलून केलेली सुरावट यांची तुलना करावी लागेल, आणि कोणती सुरावट कोणती हे श्रोता व परीक्षक या दोघांनाही अज्ञात ठेवावे लागेल.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. इन्शुलिनात ५१ ॲमिनो अम्ले असतात व त्यांची सुरावट सहज तयार करता येते. परंतु पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलीन तयार करणाऱ्या कोशिकाच बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. तेथे सुरावटीने चेतविण्याजोगे काही उरलेले नसते. अशा रुग्णाने सुरावटीच्या भरवशावर अंतःक्षेपण थांबविल्यास त्याच्या प्राणावर बेतेल. रेणुसंगीत हे क्रम समजावून घेण्याचे रंजक साधन आहे. औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.