कृपा आणि कष्ट : जनाबाईंचे जाते व ‘क्रिस्तपुराण’

कृपेविषयीचे आपले बरेचसे धार्मिक लेखन एका ठिकाणी अडखळते. देवाची कृपा विनामूल्य म्हणावी, तर माणूस आळसावेल अशी धास्ती. ती कष्टांनी मिळते म्हणावी, तर ती कृपा न राहता मजुरी होते.

या पेचावरील दृष्टान्त पेडगावच्या वाचकांस दूर शोधावयास नको. आपल्याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांच्या नावावरील अभंगांत विठ्ठल दासीसोबत दळू लागतो. तिने त्यास मोल देऊन बोलाविलेले नाही. आणि तो आला म्हणून ती खुंटाही सोडीत नाही. कृपा व कष्ट यांचे नाते इतक्या थोडक्यात सांगणारी प्रतिमा विरळाच. मात्र तेथे देव कष्टांचा सोबती आहे. ख्रिस्ती श्रद्धेत तो पापातून सोडविणाराही आहे.

ही दुसरी बाजू फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त आढळते. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या, सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाची थोरवी आपण बहुधा त्यातील मराठीच्या गौरवावरून मोजतो. आम्हांस त्याची मांडणी अधिक बोलकी वाटते. पहिल्या पुराणात मानवाचे पतन व तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. या पवित्र इतिहासात सिनाय पर्वतावरील आज्ञा नंतर येतात. तारणाचे वचन एदेन बागेतच मिळालेले असते. देव आधी हात देतो, मग चालावयास सांगतो.

ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ साली हेच शिकविले : आरंभ कृपेचा; तिला होकार देणे व तिच्या बळावर सत्कर्मे करणे माणसाचे. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव आपणांस स्वीकारतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, कृपेमुळे, हे तीत दोघांनीही मान्य केले.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. नोव्हेना म्हणजे देवाकडे भरलेला हप्ता, अशी समजूत आपल्या घरांतून आहेच. उलट, ‘आम्ही लायक नाही’ म्हणून वर्षानुवर्षे पापनिवेदन टाळणारेही आहेत. दोघांचाही हिशेब एकच, आणि तो चुकीचा. वधस्तंभावरील पश्चात्तापी चोराजवळ सत्कर्मांची शिदोरी नव्हती; त्याने केवळ विनवणी केली, आणि तीही कृपेच्याच बळावर. लायकी ठरल्यावर कृपा येत नाही. कृपा आल्यावर माणूस लायक होऊ लागतो.