विस्थापित कलेची संहिता : इराकच्या अर्वाचीन कलेच्या अभ्यासाविषयी काही विचार

युद्धात कलाकृती नष्ट होतात, हे सर्वविदित आहे. परंतु कलाकृतीबरोबर तिच्याविषयीचे ज्ञानही नष्ट होते आणि त्याची पुनर्रचना कलाकृती परत मिळविण्याहून दुष्कर असते, या गोष्टीचा विचार क्वचितच होतो. त्या दृष्टीने बगदादचे उदाहरण उद्बोधक आहे.

एप्रिल २००३ मध्ये बगदादमधील दोन संग्रह लुटले गेले. पुराणवस्तुसंग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू नाहीशा झाल्या व जगभर हळहळ व्यक्त झाली. अर्वाचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहात सुमारे ८,००० कृती होत्या असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्य गेल्या, पण त्याची वाच्यता फारशी झाली नाही. पुराणवस्तूंच्या पाठीशी उत्खननवृत्तांची व सूचींची दीर्घ परंपरा होती. अर्वाचीन कृतींच्या पाठीशी तसा आधार नव्हता. त्यामुळे काय गेले, हाच प्रश्न अनिर्णित राहिला.

वस्तुतः प्राचीन व अर्वाचीन ही फारकत तेथील कलावंतांनीच अमान्य केली होती. जवाद सलीम (१९१९–१९६१) यांनी काही काळ पुराणवस्तुखात्यात काम केले होते. १९५१ मध्ये त्यांनी व शाकिर हसन अल् सईद यांनी स्थापिलेल्या बगदाद आधुनिक कला गटाने मेसोपोटेमियाची शिल्पे आणि तेराव्या शतकातील चित्रकार अल् वासिती यांना आपले पूर्वज मानले.

या गटाचे सूत्र ‘इस्तिल्हाम अत्-तुरास’ हे होय. ‘परंपरेचा प्रभाव’ असे त्याचे भाषांतर केल्यास मूळ अर्थ हरपतो. ‘इल्हाम’ म्हणजे अंतःस्फूर्ती. क्रियापदाच्या ‘इस्त-’ या रूपाने बहुधा मागणे, शोधणे हा भाव व्यक्त होतो. ‘तुरास’ हा शब्द ज्या धातूपासून झाला, त्याच धातूपासून मराठीत रुळलेला ‘वारस’ हा शब्दही आला आहे. म्हणजे परंपरा कलावंतावर येऊन आदळत नाही. कलावंत वारसाच्या हक्काने तिच्याकडे स्फूर्ती मागतो. सूत्रातील हा कर्तृभाव लक्षात न घेता सलीम यांच्या कृतींकडे पाहिले, तर त्या पाश्चात्त्य शैलीवर चढविलेला देशी साज भासतात.

नदा शबूत यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या ‘मॉडर्न आर्ट इराक आर्काइव्ह’ या अभिलेखसंग्रहाचे महत्त्व येथे कळते. केवळ प्रतिमा गोळा करून तो थांबत नाही. कृतींसंबंधीची कागदपत्रेही जमवितो व जाणकारांना भर घालण्यास वाव देतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या अरब कलाविषयक साधनग्रंथाने अनेक जाहीरनामे इंग्रजीत उपलब्ध केले, हेही मोठे कार्य होय. तथापि भाषांतर सुलभ झाले की मूळ संज्ञा दृष्टिआड होतात. या क्षेत्रात अरबी न जाणता होणारे लेखन हा धोका वाढवील, असे म्हणणे भाग आहे.

विस्थापनाने प्रश्न अधिक जटिल केला आहे. युद्धे व १९९० नंतरचे निर्बंध यांमुळे अनेक कलावंत अम्मान, लंडन आदी नगरांत गेले. कृतींचे हस्तांतर नोंदीवाचून झाले, तर बनावट कृतींना वाट मिळते. अशा स्थितीत पाठचिकित्सेची पद्धती मार्गदर्शक ठरावी. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीत न स्वीकारलेले पाठभेदही तळटीपांत जतन केले आहेत. त्याच न्यायाने प्रत्येक कृतीचे मूळ अरबी शीर्षक, भिन्न शीर्षके, वादग्रस्त काल व प्रत्येक विधानाचा आधार यांची नोंद व्हावी. संशय पुसून तयार केलेली सूची नीटस दिसते. परंतु ती पुढील संशोधकाची फसवणूक करते.

येथे काळ अनुकूल नाही. शाकिर हसन २००४ मध्ये निवर्तले. लुटीनंतर कृती परत मिळविण्यासाठी झटणारे शिल्पकार मुहम्मद गनी हिकमत २०११ मध्ये गेले. हरवलेले चित्र कधी तरी एखाद्या लिलावात प्रकट होईल. ते ओळखू शकणाऱ्याची स्मृती मात्र पुन्हा मिळणार नाही. म्हणून हयात असलेल्यांच्या साक्षी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच संज्ञांसह टिपणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.