एकट्याच्या कवितेतले तिघे

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिलवरची कविता आपण एकट्या भटक्याची कविता म्हणून वाचतो. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अल्सवॉटर सरोवराच्या काठाने हा कवी, म्हणजे विल्यम, चालला तेव्हा धाकटी बहीण डोरोथी बरोबर होती. वारा असा की श्वास घेणं मुश्कील. दोघांनी आधी होड्या ठेवायच्या शेडमध्ये आणि मग एका झुडपाच्या आडोशाला विसावा घेतला. परत फिरावं लागतंय की काय, असंही वाटून गेलं. हे सगळं कळतं डोरोथीच्या रोजनिशीमुळे. विल्यमला वाचून आनंद व्हावा, म्हणून १८०० साली तिने ती लिहायला घेतली होती.

त्या दिवसाची नोंद हळूहळू फुलत जाते. आधी पाण्यालगत दोन-चार फुलं दिसतात. सरोवरानेच बी काठाला लावलं असेल, अशी कल्पना दोघं करतात. पुढे झाडांखाली हमरस्त्याएवढा रुंद पट्टाच लागतो. बरीचशी फुलं वाऱ्याबरोबर नाचतात, हसतात. काही मात्र दमून दगडांच्या उशीवर डोकं टेकतात. फुलांचा हा शीण कुणाला दिसेल? जो स्वतः वाऱ्याशी झगडत चालला आहे, त्यालाच.

विल्यमने कविता लिहिली १८०४ मध्ये. त्याने नाच घेतला, हसू घेतलं. शीण सोडला आणि सोबतही वगळली. यात कृतघ्नपणा नाही. कोचावर पडल्या पडल्या तीच फुलं मनात पुन्हा उभी राहतात, हा कवितेचा शेवट एकट्यानेच अनुभवायचा आहे. पण त्या एकांतसुखाचं मर्म सांगणाऱ्या दोन ओळी सुचल्या त्याच्या पत्नीला, मेरीला. फुलं दिसली त्या दिवशी ती वाटेवर नव्हती. लग्नही पुढे ऑक्टोबरमध्ये झालं. कवितेतल्या सर्वांत सरस ओळी त्याच, हे विल्यमनेच सांगून ठेवलं आहे.

रानवाटेवर घरची माणसं एकमेकांना हात देतात, ओझं वाटून घेतात. इथे वाटून घेतलं ते पाहणं. बहिणीने क्षण टिपून ठेवला, भावाने त्याला लय दिली, आणि जिने तो पाहिलाच नव्हता तिने त्याचा अर्थ नेमका पकडला. म्हणून ही कविता डोरोथीची नोंद शेजारी ठेवून वाचावी. त्या नोंदीमुळे कवितेतला एकांत खोटा ठरत नाही. तो इतका भरलेला का वाटतो, ते उमगतं.