सरापा : आदर्श प्रियेची यादी

अपेक्षित जोडीदाराच्या गुणांची अशक्य यादी रचून तिला हसणे हा आजच्या विनोदाचा एक आवडता प्रकार होय. उंची इतकी, मिळकत इतकी, स्वभाव शांत परंतु बोलका, वळण घरंदाज परंतु आधुनिक, अशी कलमे वाढत जातात आणि अखेरीस त्यांत बसणारा मनुष्यच उरत नाही. हा विनोद नवा मानला जातो. परंतु यादीचे हे शास्त्र एकोणिसाव्या शतकातील लखनौच्या उर्दू काव्याने फार पूर्वीच पूर्णत्वास नेले होते.

सरापा म्हणजे प्रियेचे मस्तकापासून पायांपर्यंत वर्णन. आपल्याकडील नखशिखान्त वर्णनाचाच तो सोयरा. नासिखच्या परंपरेतील कवींनी बाह्य सौंदर्याच्या वर्णनात विशेष रस घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्या शतकाच्या मध्यास मोहसिन लखनवी यांनी सिद्ध केलेल्या 'सरापा-सुखन' या संग्रहात तर अनेक कवींचे शेर प्रियेच्या अवयवांच्या क्रमाने लावलेले आहेत. केसांचे शेर एका ठिकाणी, भुवयांचे दुसऱ्या ठिकाणी. यादीनेच येथे ग्रंथाचे रूप घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

या यादीची गती मात्र विलक्षण आहे. कंबर बारीक हवी म्हणून ती केसासारखी झाली. पुढे ती दिसेनाशी झाली. शेवटी ती नाहीच, असे ठरले. मुख लहान हवे म्हणून ते कळी, मग बिंदू, मग शून्य झाले. आदर्शाची पूर्तता प्रियेच्या लोपात झाली.

अल्ताफ हुसेन हाली यांनी आपल्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' (१८९३) या ग्रंथात अशा अतिशयोक्तीवर कठोर टीका केली. पूर्वसूरींचे रूपक अनुयायांनी वस्तुस्थिती समजून पुढे ताणले, हे त्यांचे निदान मार्मिक आहे. तथापि मुशायऱ्यातील रसिक ही अदृश्य कंबर खरी मानून दाद देत नव्हता. तो कवीच्या कोटीला दाद देत होता. खरे वैगुण्य असंभाव्यतेत नसून अन्यत्र आहे. या वर्णनांत प्रत्येक अवयव कवीच्या बुद्धीची साक्ष देतो; ज्या स्त्रीचे ते अवयव, तिला बोलावयास मुख उरलेले नसते. आजची यादीही जोडीदाराविषयी थोडे आणि यादी करणाऱ्याविषयी पुष्कळ सांगते.

याला उत्तरही लखनौनेच दिले. मिर्झा हादी रुसवा यांच्या 'उमराव जान अदा' (१८९९) या कादंबरीत नायिका आपल्या बालपणीच्या रूपाचे वर्णन स्वतः करते. रंग, कपाळ, डोळे असा क्रम सरापाचाच आहे. पण नाकाशी येताच ती सांगते की ते फारसे रेखीव नव्हते, तथापि अगदी चपटेही नव्हते. लेखणी येथेही पुरुषाचीच आहे, हे खरे. तरी या एका 'तथापि'ने यादीचे व्यक्तीत रूपांतर होते. लखनौच्या वाचकाला त्यात जुन्या सरापाची खोडी दिसली असेल. आजच्या वाचकाला त्यात एक माणूस दिसतो.

रघुनाथ पंडितांमुळे मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे झालेले दमयंतीचे आख्यान येथे आठवणे प्राप्त आहे. महाभारतातील स्वयंवरमंडपात तिच्यापुढे एकसारखे पाच नल उभे होते. चौघे देव होते. कोणत्याही यादीतील सर्व कलमे त्यांनी बिनचूक पुरी केली असती. ज्याला घाम आला होता, ज्याची माळ कोमेजली होती, ज्याच्या पापण्या लवत होत्या आणि ज्याची सावली भूमीवर पडली होती, त्याला तिने वरले. देवांना नाकारण्यास तिला त्यांच्यात एकही दोष सापडला नव्हता. नलाला ओळखण्यास मात्र त्याची मर्त्यता पुरेशी झाली.

अशक्य यादीचा विनोद जेथवर ही सावली दाखवितो तेथवर तो वाङ्मयाच्या कामाचा आहे. तो केवळ कलमे वाढवीत राहिला, तर तो स्वतःच एक सरापा होऊन बसेल, आणि त्यातून माणूस पुन्हा नाहीसा होईल.