स्पर्धाक्षमता आणि विकासाच्या पायऱ्या : खडकीच्या उदाहरणावरून एक परीक्षण

राष्ट्राची स्पर्धाक्षमता वाढली म्हणजे आर्थिक वाढ होते, हे विधान वरवर पाहता निर्विवाद वाटते. मायकेल पोर्टर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यास विकासावस्थांची जोड दिली. प्रथम जमीन, मजूर आदी उत्पादनघटकांचे बळ, मग गुंतवणुकीचे, त्यानंतर नवशोधाचे आणि अखेरीस संचित संपत्तीवर जगण्याची उतरती अवस्था, असा हा क्रम आहे. जागतिक आर्थिक मंचाने पहिल्या तीन अवस्था थोड्या फरकाने स्वीकारून आपल्या निर्देशांकात त्यांना आकड्यांचे रूप दिले. दरडोई उत्पन्न २,००० डॉलरांहून कमी असलेल्या देशांचे गुण ठरविताना शासनसंस्था, रस्ते, प्राथमिक शिक्षण यांसारख्या मूलभूत बाबींना ६० टक्के, कार्यक्षमता वाढविणाऱ्या बाबींना ३५ टक्के आणि नवशोधाला अवघे ५ टक्के महत्त्व मिळे. १७,००० डॉलरांवरील देशांत नवशोधाचा वाटा ३० टक्के होई. २०१७-१८ च्या अहवालातही भारत पहिल्याच पायरीवर होता.

या मांडणीतील पहिला दोष तर्काचा आहे. ज्या उत्पन्नाची कारणमीमांसा करावयाची, त्याच उत्पन्नावरून कारणांचे महत्त्व आधी ठरविले जाते. अशा निर्देशांकाचा व उत्पन्नाचा मेळ बसला, तर त्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. राष्ट्र एका वेळी एकाच पायरीवर उभे असते, हे येथे गृहीत धरलेले आहे. पुण्यालगतची खडकी या गृहीताला छेद देते. येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याचा मुख्य ग्राहक सरकार. बाजारातील चढाओढीने त्याला जन्म दिला नाही. तरीही काटेकोर यंत्रकाम हा त्याचा प्राण होता, मग देशाचे दरडोई उत्पन्न काहीही असो. याच खडकीत १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. जेथे वीज पोहोचली नव्हती तेथे विहिरीचे पाणी उपसण्यास तिची डिझेल इंजिने शेतकऱ्याच्या उपयोगी पडली. म्हणजे ‘पहिल्या पायरी’वरील शेतीनेच वरच्या पायरीच्या यंत्रविद्येला गिऱ्हाईक पुरविले. या पायऱ्या एकामागून एक आल्या नाहीत. त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीचा मागोवा घेताना शेती, हस्तव्यवसाय व कारखाने यांचा एकत्र विचार केला, तो याच दृष्टीने आजही मार्गदर्शक ठरतो.

अर्थात या उदाहरणाचा अतिरेकी अर्थ लावणे योग्य नव्हे. १९९१ पर्यंत भारतीय उद्योगांना आयातनियंत्रणाचे छत्र होते. त्याखाली कौशल्य वाढले तसा आळसही पोसला गेला. शिवाय एका उपनगरावरून सर्व राष्ट्रांचा नियम काढता येणार नाही. एवढे मात्र खरे की, ‘नवशोधाची वेळ अद्याप यावयाची आहे’ हा गरीब देशाला दिला जाणारा सल्ला या क्रमातून निघत असेल, तर तो इतिहासाने सिद्ध केलेला नाही. आणि संशोधनावरील खर्च त्या सल्ल्याने लांबणीवर पडला, तर त्याची किंमत पुढच्या पिढीस मोजावी लागते.

पॉल क्रुगमन यांनी १९९४ मध्येच बजावले होते की, राष्ट्रे व्यापारी पेढ्यांप्रमाणे परस्परांशी स्पर्धा करीत नाहीत. राहणीमान मुख्यतः देशांतर्गत उत्पादकतेवर अवलंबून असते. खुद्द मंचानेही २०१८ पासून अवस्थांनुसार महत्त्व ठरविण्याची पद्धत सोडून दिली. तेव्हा यापुढे अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न देश कोणत्या पायरीवर आहे हा नसून, त्यातील निरनिराळ्या पायऱ्यांवरचे उद्योग एकमेकांस काय देतात, हा आहे.