भुकेल्या मुलीची साक्ष

पंडिता रमाबाईंचं ‘अ टेस्टिमनी’ हे छोटं इंग्रजी पुस्तक 1907 चं. आपल्याकडे ते धर्मांतराची कहाणी म्हणून ओळखलं जातं. कुणी ते कौतुकानं वाचतं, तर कुणी संशयानं. मला मात्र ते भुकेबद्दलचं पुस्तक वाटतं.

त्यात 1870 च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आहे. पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या डोंगरे कुटुंबाकडचे पैसे संपतात. अंगमेहनत करायची तर ब्राह्मण्य आडवं येतं आणि भीक मागायची तर लाज. वडील, आई आणि बहीण काही महिन्यांत एकामागोमाग जातात. रमाबाई हे सगळं रडगाणं न करता, जवळजवळ हिशेब मांडावा तसं सांगतात. म्हणूनच ते अंगावर येतं.

पुढे इंग्लंडमध्ये सिस्टर्स त्यांना फुलहॅमच्या आश्रमात नेतात. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे मायेनं काळजी घेतली जात असते. रमाबाई विचारतात, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली जाते. म्हणजे आधी काम दिसलं, मग वचन कळलं. हा क्रम मला पुस्तकाचा कणा वाटतो.

ती गोष्ट आपण मराठी माणसांनी नीट वाचायला हवी. तिथे येशू आधी काही देत नाही. तो दमलेला आहे, तहानलेला आहे आणि जिच्या जमातीशी यहुदी व्यवहार ठेवत नाहीत तिच्याकडे पाणी मागतो. पाणवठा आणि विटाळ यांचं नातं आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. या गोष्टीत सेवेची सुरुवात समोरच्याच्या हातचं घेण्यातून होते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मधला. पण त्या स्वतःच प्रांजळपणे सांगतात की तेव्हा आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं लागली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचं ‘मुक्ती’ वाढत गेलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी असंच कुणी आलं असतं तर त्यांची बहीण कदाचित वाचली असती. पुस्तक हे वाक्य लिहीत नाही, पण ते ऐकू येत राहतं.

तरीही माझी एक तक्रार आहे. उत्तरार्धात उपदेशाचा सूर चढतो आणि त्या मुली मागे पडतात. त्यांनी काय सोडलं, त्यांना काय हवं होतं, हे त्यांच्या तोंडून येत नाही. जिच्या पोटात चार दिवसांनी घास गेला, तिला प्रार्थनेला ‘नको’ म्हणता येईल का? शारदा सदनावरून 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, त्यामागेही हाच पेच होता. टीकाकारांच्या हेतूबद्दल वाद घालता येईल, पण प्रश्न खोटा ठरत नाही.

या प्रश्नासाठी कसोटी बाहेरून आणायची गरज नाही. इंग्लंडमध्ये सिस्टर्सच्या आधारावर राहत असतानाही रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाडून वाद घातला. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या स्वाधीन करणार नाही, असा त्यांचा बाणा होता. ज्यांचं अन्न खाल्लं त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा हक्क त्यांनी स्वतःसाठी राखला. मुक्तीतल्या मुलींसाठीही तोच हक्क मागायला हवा, आणि तो मागायला आपल्याला रमाबाईच शिकवतात.

पुस्तक शंभरेक पानांचंही नाही. मोबाइलवर एका संध्याकाळी वाचून होईल. सुरुवातीची दुष्काळाची पानं मात्र सावकाश वाचा.