संमतीचें गद्य

मासिकांतील टीकालेखाचा विषय म्हणजे काव्य, नाटक किंवा कादंबरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते व ती बव्हंशीं योग्यहि आहे. परंतु आजच्या काळीं सर्वांत अधिक लोकांपुढें मांडलें जाणारें, सर्वांत अधिक लोकांची अनुमति मिळविणारें, आणि असें असूनहि जवळजवळ कोणीच न वाचणारें जें गद्य आहे, त्याकडे टीकाकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. आमचा रोख संकेतस्थळांच्या 'गोपनीयता धोरणा'कडे आहे. अशीं धोरणपत्रें बँकांचीं असतात, दवाखान्यांचीं असतात, वर्तमानपत्रांचींहि असतात. आम्हीं परीक्षणासाठीं पाककृती देणाऱ्या संकेतस्थळांचीं धोरणपत्रें मुद्दाम निवडलीं आहेत. बँकेच्या दारांत पाऊल टाकतांना मनुष्य सावध असतो. पुरणपोळीची कणीक किती सैल भिजवावी हें पाहावयास जातांना सावध राहण्याचें कारणच त्यास दिसत नाहीं. पाहुणा असा निःशंक असतो तेथेंच यजमानाच्या सचोटीची परीक्षा होते.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं निघालें व हजार पाकक्रिया शिकविण्याचा त्याचा वायदा होता. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें पुस्तक १९७० सालीं आलें व घरोघर पोहोंचलें. या पुस्तकांनीं वाचकाकडून एकदांच काय ती किंमत घेतली. त्यानंतर कोणत्या घरीं कोणतें पान तेलकट झालें, कोणत्या पानांत खुणेची काडी राहिली, हें ना लेखिकेस कळलें, ना प्रकाशकास. संकेतस्थळावरची पाककृती फुकट मिळते. परंतु वाचक पान वाचीत असतां पानहि वाचकास वाचीत असतें. कोणत्या यंत्रावरून व कोणत्या गांवाच्या आसपासहून कोण आलें, किती वाजतां आलें, कोणत्या पदार्थापाशीं किती वेळ थांबलें, शोधाच्या चौकटींत काय लिहिलें, या सर्वांची नोंद ठेवतां येते. दर आठवड्यास नव्या पाककृती याव्या म्हणून वाचकानें आपला ई-मेलचा पत्ता दिला कीं त्या नोंदीस नांवहि चिकटतें.

या नोंदीचें एक मुख्य साधन म्हणजे 'कुकी'. खाद्यपदार्थाचें नांव धारण करणारी ही युक्ति १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं योजिली. वाचकाच्याच यंत्रांत ठेवलेली ती एक लहानशी चिठ्ठी असून तिजवरून संकेतस्थळास मागल्या भेटीची ओळख पटते. एवढ्यापुरती ती निरुपद्रवी, किंबहुना सोयीचीच म्हणावी लागेल. परंतु जाहिराती पुरविणारी एकच कंपनी शेंकडों संकेतस्थळांवर हजर असली, आणि ब्राउझरनें तिची वाट अडविली नाहीं, म्हणजे तिच्या चिठ्ठीवरून वाचकाचा सर्वत्र माग काढतां येतो. पुढें जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. पान उघडण्यास जो क्षणार्ध लागतो तेवढ्यांत वाचकाविषयींची माहिती बोली लावणाऱ्या अनेकांकडे जाते. एकाची बोली मान्य होते, आणि बाकीच्यांच्या हातीं ती माहिती तशीच राहूं शकते.

यावर कोणी म्हणेल, भाजीस फोडणी कशी द्यावी हें पाहिलें तर त्यांत लपविण्यासारखें काय आहे? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, परंतु स्वयंपाकघर हें घरांतील सर्वांत बोलकें दालन आहे. साखरेवांचून होणारे गोड पदार्थ जो वारंवार पाहतो त्याच्या घरीं मधुमेह असण्याचा संभव आहे. कांदालसूण व कंदमुळें वर्ज्य करून केलेल्या भाज्या, एकादशीचें फराळाचें ताट, रमजानमधील इफ्तारीचे जिन्नस यांवरून धर्माचा व पंथाचा तर्क बांधतां येतो. डिंकाचे लाडू व अळिवाची खीर यांचा एकाएकीं शोध सुरू झाला तर त्या घरीं बाळंतीण आहे हें ओळखावयास ज्योतिषी नको. सुनेस दिवस गेल्याची बातमी शेजारीं इतक्यांत सांगावी कीं नाहीं याचा विचार करणारें घर तीच बातमी नकळत परक्या व्यापाऱ्यांच्या हवालीं करून बसतें. बरें, तर्क चुकीचाहि असूं शकतो. पाहुण्याच्या पथ्यासाठीं पाहिलेल्या पदार्थावरून यजमानाच्या प्रकृतीचा निर्णय केला गेला, तर ती चूक दुरुस्त करावयास जावें तरी कोणाकडे?

युरोपीय संघाच्या न्यायालयानें १ ऑगस्ट २०२२ रोजीं लिथुएनियांतून आलेल्या एका प्रकरणांत असें ठरविलें कीं, साध्या दिसणाऱ्या माहितीवरून व्यक्तीच्या नाजूक गोष्टीचें अनुमान निघत असेल तर त्या माहितीसहि नाजूक माहितीचें विशेष संरक्षण लागू आहे. तें प्रकरण पाककृतींचें नव्हतें; परंतु तें तत्त्व चुलीपर्यंत येऊन पोहोंचतें.

आतां धोरणपत्राच्या भाषेकडे वळूं. वाचकाची गोपनीयता संस्थेस फार मोलाची वाटते, असा बहुधा आरंभ असतो. तें मोल पुढें कोण वसूल करणार याविषयीं मात्र मौन असतें. निवेदक स्वतःस 'आम्ही' म्हणवितो. आम्हीहि येथें 'आम्ही' असेंच लिहीत आहों, परंतु या 'आम्ही'मागें एकच मनुष्य आहे व लेखाचा दोष त्याच्याच पदरीं पडतो. धोरणपत्रांतील 'आम्ही' पहिल्या परिच्छेदांत एक संस्था असते, दुसऱ्यांत तिच्या संलग्न कंपन्या होतात, आणि अखेरीस 'विश्वासू भागीदार' या गर्दींत ती दिसेनाशी होते. नाटककार पात्रांची यादी आरंभींच देतो. येथें कित्येकदां शेंकडों पात्रें पडद्याआडच राहतात. क्रियापदेंहि पाहण्यासारखीं आहेत. 'घेतों', 'देतों' असा सरळ वर्तमानकाळ विरळाच. 'घेऊं शकतों', 'देऊं शकतों' असा शक्यार्थ सर्वत्र पसरलेला असतो, आणि त्यामुळें प्रत्यक्षांत काय होतें हें वाचकास शेवटपर्यंत कळत नाहीं. माहिती घेण्याचा हेतु विचारला तर 'आपला अनुभव सुधारण्यासाठीं' असें उत्तर मिळतें. पाककृती वाचणाऱ्याचा अनुभव म्हणजे पाक एकतारी उतरला कीं नाहीं. त्याच्या गांवाच्या नोंदीनें तो कसा सुधारावा?

लांबीचा दोष तर याहूनहि मोठा. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील अलीशिया मॅकडोनल्ड व लॉरी क्रेनर यांनीं २००८ सालीं हिशेब मांडला कीं, एका अमेरिकन मनुष्यानें वर्षांत भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचें धोरणपत्र एकदां वाचावयाचें म्हटलें, तर वर्षास सुमारें २४४ तास लागतील. इतका वेळ कोणी देणार नाहीं हें लिहिणाऱ्यास ठाऊक असतें, आणि तरीहि त्या न वाचलेल्या मजकुरावर वाचकाची संमति घेतली जाते.

ती संमति घेण्याची रीतहि तपासली पाहिजे. 'मान्य' हें बटन मोठें, रंगीत व पहिल्याच पडद्यावर. 'नको' म्हणावयाचें तर दोनतीन पडदे ओलांडून खुणा काढीत बसावें लागतें. आधींच खूण करून ठेवलेली चौकट ही संमति नव्हे, असें वर उल्लेखिलेल्या युरोपीय न्यायालयानें २०१९ सालींच सांगितलें होतें. कुकी नाकारणें हें स्वीकारण्याइतकें सोपें ठेवलें नाहीं म्हणून फ्रान्सच्या नियामक संस्थेनें जानेवारी २०२२ मध्यें गूगलला १५ कोटी युरो व फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. आपल्याकडील पंगतींत आग्रह कमी नसतो. परंतु जेवणाऱ्यानें पानावर आडवा हात धरला कीं वाढपी थांबतो. हात आडवा धरतांच येऊं नये अशी ज्या पंगतीची मांडणी, तिथल्या वाढण्यास आग्रह म्हणणें कठीण आहे.

दुसरी बाजूहि मांडणें न्याय्य होय. पदार्थ चारचारदां करून पाहणें, त्याचीं छायाचित्रें घेणें, तें सारें नीट लिहून ठेवणें यास श्रम व पैसा लागतो. वाचक वर्गणी देत नाहीं, तेव्हां जाहिरातीवांचून पुष्कळांचा निभाव लागणार नाहीं. आमचें म्हणणें जाहिरातींविरुद्ध नाहीं. या देशांतील मासिकें व वर्तमानपत्रें वाचक कोण हें न जाणतां जाहिराती छापीत आलीं. उकडीच्या मोदकांच्या पाककृतीशेजारीं मोदकपात्राची जाहिरात द्यावयास वाचकाचें नांवगांव लागत नाहीं. पदार्थाचें नांव पुरतें. शिवाय जमविलेली माहिती सांभाळणें सोपें नाहीं. मे २०१७ मध्यें झोमॅटो या खाद्यसेवेच्या सुमारें १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली. जी माहिती मुळांत घेतलीच नाहीं तिच्या रक्षणाची चिंता कोणासच करावी लागत नाहीं.

आपल्या देशांतहि हा प्रश्न आतां केवळ शिष्टाचाराचा राहिलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी प्रकरणांत खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें संमति ही मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी असें म्हटलें आहे. कायद्यांतच एक उदाहरण आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनें ग्राहकाच्या मोबाईलमधील परिचितांची यादी मागितली व त्यानें होकार दिला, तरी ती यादी सल्ल्यास आवश्यक नसल्यामुळें तेवढा होकार धरला जात नाहीं. हाच न्याय शंकरपाळ्यांस लावून पाहावा. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व संमतीविषयींच्या मुख्य तरतुदींस तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. कायद्यांत एक उणीव आम्हांस जाणवते. प्रकृति, धर्म यांसारख्या नाजूक माहितीचा युरोपांत आहे तसा निराळा वर्ग त्यांत केलेला नाहीं. स्वयंपाकघरास नेमकें तेंच हवें होतें.

परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीनें या कायद्यांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद भाषेची आहे. संमतीची मागणी इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील कोणत्याहि भाषेंत पाहावयाची सोय वाचकास मिळाली पाहिजे, असें तींत म्हटलें आहे. आणि त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे हें गद्य लवकरच मराठींत अवतरणार. तें इंग्रजी मजकुराचें शब्दशः भाषांतर होऊन आलें, तर आज जें इंग्रजींत कळत नाहीं तें उद्यां मराठींत कळणार नाहीं, एवढाच फरक पडेल. वस्तुतः आपली भाषा या कामास उणी नाहीं. "आपण कोणता पदार्थ पाहिला हें आम्ही अमुक कंपनीस कळवितों. त्याबद्दल आम्हांस पैसे मिळतात. आपणांस हें नको असल्यास येथें 'नको' म्हणा; पाककृती तरीहि पुरी मिळेल. पूर्वीं घेतलेली माहिती पुसून हवी असल्यास अमुक पत्त्यावर कळवा." हीं चारपांच वाक्यें कोणत्याहि गृहिणीस, विद्यार्थ्यास वा निवृत्त वृद्धास एका वाचनांत समजतील. ज्या संस्थेस इतकें लिहितां येत नाहीं तिची अडचण भाषेची नसून व्यवहाराची आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

मराठी धोरणपत्रें लिहिण्याचें काम वकील व यंत्रज्ञ यांवरच सोंपवून आपण स्वस्थ बसूं नये. पाठ्यपुस्तकाच्या भाषेवर आपण वाद घालतों, नाटकांतील एका शब्दावरून पत्रव्यवहार करतों. मग लक्षावधि घरांच्या वतीनें जें गद्य होकार घेणार आहे त्याचेंहि परीक्षण झालें पाहिजे. तोंपर्यंत निदान इतकें करावें: 'मान्य'वर बोट ठेवण्यापूर्वीं 'नको' कोठें आहे तें शोधावें, आणि तें सांपडत नसेल तर करंज्यांची कृति दुसरीकडे पाहावी. ती पुष्कळ ठिकाणीं मिळते.